एकटा लॅपटॉप नीट चालतो, दुसरा लावला की दोन्ही अडतात

दूध संकलन केंद्रासाठीच्या एका सॉफ्टवेअरचं टेस्टिंग आमच्याकडे आलं होतं आणि त्यासाठी आठ स्वस्त लॅपटॉप घेऊन त्यांच्यावर लिनक्स टाकायचं काम माझ्याकडे होतं. तीन आठवड्यांचं धरलेलं काम सहा आठवडे चाललं. त्यातला बराच वेळ ज्या दुखण्याने खाल्ला ते शेवटी एका ओळीच्या फाइलमध्ये सापडलं. म्हणून जसं घडलं तसं, चुकलेल्या वाटांसकट सगळं लिहून ठेवतोय, कारण त्या वाटांवर जे दिसत होतं ते खोटं नव्हतं, आम्ही त्याचा अर्थ चुकीचा लावत होतो.

आधी सॉफ्टवेअर काय ते सांगतो. गावातल्या दूध संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध येतं, वजन होतं, अ‍ॅनालायझर फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) काढतो, दर लागतो, पावती निघते. ब्राउझरमध्ये उघडणारं एक पान, आणि मागे त्याच लॅपटॉपवर चालणारी एक छोटी सर्व्हिस, जी अ‍ॅनालायझरच्या केबलवरून आकडे वाचते आणि नेट असेल तेव्हा नोंदी सर्व्हरला पाठवते. नेट नसेल तर साठवून ठेवते. केंद्रांना जे लॅपटॉप मिळणार होते ते स्वस्तातलेच, लिनक्सवाले, त्यामुळे टेस्टिंगही तसल्याच मशिनवर करायचं हे पहिल्या मीटिंगलाच ठरलं आणि ते बरोबरच होतं. सोळा जीबीच्या लॅपटॉपवर सगळंच पळतं, त्यावरून गावातल्या सचिवांचं काम पळेल की नाही हे कळत नाही.

लॅपटॉप जुने घेतले, एक नग आठ हजाराच्या आतबाहेर. इंटेल सेलेरॉन एन ४०२०, म्हणजे दोन कोअर, ४ जीबी रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, आणि ६४ जीबीची ईएमएमसी, म्हणजे डिस्कच्या जागी बोर्डावरच बसवलेली साठवणीची चिप. आठातले सात एकाच मॉडेलचे मिळाले, आठवा दुसऱ्या मॉडेलचा. ही आठव्याची गोष्ट लक्षात ठेवा.

जुनी ईएमएमसी घेताना एक काम नक्की करावं, ती किती झिजलीय ते बघावं. ५.० आणि त्यापुढच्या ईएमएमसी आपलं आयुष्य स्वतःच सांगतात, लिनक्समध्ये सिस फोल्डरखाली त्या डिव्हाइसच्या जागी लाइफ-टाइम नावाची फाइल असते. त्यात एक आला तर दहा टक्क्यांपर्यंत वापर झालेला, दोन आला तर वीसपर्यंत, असं चढत जातं. आमच्या एका नगाचा आकडा नऊ निघाला, म्हणजे ऐंशी ते नव्वद टक्के आयुष्य संपलेलं. दुकानदाराला तो आकडा दाखवला, त्याने काही न बोलता त्याच मॉडेलचा दुसरा दिला. हे लॅपटॉप वरून सगळे सारखेच चकाचक दिसतात, त्यामुळे बाहेरून बघून काही कळत नाही.

सिस्टिम म्हणून उबंटू २२.०४ ची सर्व्हर आवृत्ती टाकली आणि तिच्यावर छोटासा एक्सएफसीई डेस्कटॉप. पूर्ण डेस्कटॉप आवृत्ती नको म्हटलं कारण ४ जीबीत ब्राउझरला जागा हवी. एक लॅपटॉप मन लावून तयार केला, टाइमझोन भारताचा, वायफायचा पासवर्ड, ब्राउझर चालू झाला की थेट अ‍ॅप उघडेल अशी सोय, ती सर्व्हिस, सगळं. मग क्लोनझिला या प्रोग्रामने त्याची इमेज, म्हणजे सगळ्या साठवणीची जशीच्या तशी प्रत, काढली आणि एकेक करून बाकीच्या सातांवर चढवली. प्रत्येकाचं नाव तेवढं बदललं, डेअरी-०१ पासून डेअरी-०८ पर्यंत, झाकणावर चिकटपट्टी लावून मार्करने आकडा लिहिला.

पहिला अडथळा केबलचा आला आणि लवकर सुटला म्हणून थोडक्यात सांगतो. अ‍ॅनालायझरची यूएसबी केबल लावली की पोर्ट दिसायचा आणि क्षणात गायब व्हायचा. आधी डायलआउट ग्रुपमध्ये (असे पोर्ट वापरायची परवानगी असलेल्यांच्या यादीत) युजर घातलेला नाही म्हणून असेल असं वाटलं, तो घातला, तरी तेच. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लॉगमध्ये मात्र स्पष्ट लिहिलेलं होतं की ही केबल बीआरएलटीटीवाय नावाच्या प्रोग्रामने ताब्यात घेतलीय. हा प्रोग्राम अंध माणसांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी असतो, आणि आमच्या केबलमधल्या सीएच ३४० चिपचा यूएसबी नंबर आणि एका ब्रेल डिस्प्लेचा नंबर एकच आहे, त्यामुळे तो केबललाच डिस्प्ले समजतो. पॅकेज काढून टाका असा सल्ला सगळीकडे मिळतो. आम्ही ते न काढता फक्त त्या एका नंबराचा नियम बंद केला. उद्या एखाद्या संस्थेत खरंच ब्रेल डिस्प्ले वापरणारं कोणी बसलं तर त्याची सोय आपण का काढून घ्यायची. नियम बंद केल्यावर केबल स्थिर झाली, पावती निघाली, गाय, फॅट ३.५, एसएनएफ ८.५, आणि आम्हाला वाटलं आता सुरळीत चालेल.

दोनच दिवसात टेस्टर पोरांचे बग यायला लागले. सिंक, म्हणजे नोंदी सर्व्हरला पाठवणं, अर्ध्यात तुटतं. नोंदी जातात, मध्येच थांबतात, परत जातात. त्यांची तक्रार एकच असायची, "सर, आत्ता चालत होतं." आणि मी जाऊन बसलो की चालायचंच. डेव्हलपर पुण्यात, त्याने दोनदा लॉग मागवले, त्यात त्याला फक्त कनेक्शन तुटल्याचं दिसलं, आणि त्याने बग बंद केला, कारण म्हणून लिहिलं की नेटवर्कचा प्रश्न आहे, अ‍ॅपचा नाही. मला राग आला नाही, कारण मलाही तसंच वाटत होतं.

मग नेटवर्कच्या मागे लागलो. राउटर बंद-चालू केला, चॅनेल बदलला, राउटर कपाटावरून काढून टेबलाच्या मधोमध ठेवला. स्वस्त लॅपटॉपच्या वायफाय कार्डात वीज वाचवायची सोय असते आणि तिच्यामुळे कनेक्शन झोपतं असं बऱ्याचदा होतं, म्हणून ती बंद केली. त्या दुपारी सगळं सुरळीत चाललं आणि मी वहीत लिहूनही टाकलं की उपाय सापडला. दुसऱ्या दिवशी परत तेच. नंतर उमगलं की त्या दुपारी दोन पोरं रजेवर होती आणि चालू असलेला लॅपटॉप फक्त एकच होता. वहीत मी उपाय लिहिला, तारीख लिहिली, पण किती मशिन चालू होती ते लिहिलं नव्हतं. तेवढं लिहिलं असतं तर दोन आठवडे वाचले असते.

याच काळात अजून एक गोष्ट झाली जी टेस्टिंग करणाऱ्यांनी मनावर घ्यावी अशी आहे. एका टेस्टरने त्याच्या लॅपटॉपवर झेडरॅम चालू केलं, म्हणजे रॅमच्याच काही भागात डेटा दाबून ठेवायचा आणि तो भाग स्वॅपसारखा, रॅम भरल्यावरच्या जादा जागेसारखा, वापरायचा. त्याचा हेतू चांगला होता, मशीन खरंच हलकं झालं. पण महिन्याचं रजिस्टर उघडताना पान अडकतं हा त्यानेच टाकलेला बग त्याच्याच मशिनवर दिसेनासा झाला, आणि त्याने प्रामाणिकपणे 'दुरुस्त झाला' असा शेरा मारला. बग तसाच होता. टेस्टिंगच्या मशीनला असं परस्पर औषध द्यायचं नाही. झेडरॅम चांगलंच आहे, पण मग ते इमेजमध्ये जाऊ दे, आठही लॅपटॉपवर जाऊ दे आणि केंद्रांना मिळणाऱ्या लॅपटॉपवरही जाऊ दे. शेवटी आम्ही तसंच केलं, आणि तो बग झेडरॅमशिवायच्या मशिनवर परत उघडून डेव्हलपरला दाखवला. रजिस्टर एकदम सगळं न आणता पानापानाने आणायचं त्याने मान्य केलं.

सिंकचं कोडं तसंच लटकलेलं असताना ठरलेली गावातली चाचणी आली. ती नेटशिवायची चाचणी होती. त्यासाठी ०५, ०६ आणि ०७ या तोवर वापरात न आलेल्या तिघांवर इमेज टाकली आणि तसेच गाडीत घातले, नावं संस्थेत पोचल्यावर दिली. तिथे नेट नव्हतंच, मुद्दामच.

सकाळी सहाला संस्था उघडली. अंधार होता, बारीक पाऊस, कॅन घेऊन माणसं दारात. सचिव वयाने मोठे, वीस-बावीस वर्षं तेच काम करणारे, त्यांनी कागदाचं रजिस्टर बाजूला चालूच ठेवलं होतं आणि ते ठेवलं म्हणून आम्ही वाचलो. आठच्या सुमाराला दूध संपलं, आम्ही अ‍ॅपमधून सकाळच्या पाळीची बेरीज काढली तर त्यांच्या रजिस्टरच्या निम्मीसुद्धा नाही. सचिव म्हणाले, "अहो, माझ्याकडं बावन्न सभासदांचं दूध चढलंय, तुमच्यात एकोणीसच हाईत की." मी म्हटलं, "काका, जरा थांबा, बघतो." उरलेले तेहेतीस संध्याकाळच्या पाळीत जाऊन बसलेले होते. सकाळी आठ वाजता संध्याकाळची पाळी भरलेली!

त्यांच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक नावापुढे वेळ नव्हती, पण पावत्यांचा क्रम होता, आणि त्यांना आठवत होतं की कोण कधी आलं. त्यांनी बोटाने रेघ दाखवली, हा शेवटचा सकाळमधला, आणि हा पहिला संध्याकाळमधला, "ह्या दोघांच्या मधे एस्टी गेली." एसटी साडेसहाची. म्हणजे साडेसहापर्यंतचं दूध सकाळमध्ये आणि साडेसहानंतरचं संध्याकाळमध्ये. अ‍ॅप दुपारी बारा वाजता पाळी बदलतं. साडेसहा आणि बारा यांच्यात साडेपाच तासांचा फरक, आणि भारताची वेळ जागतिक वेळेच्या नेमकी साडेपाच तास पुढे. तिथल्या बाकड्यावर बसूनच उत्तर मिळालं.

झालं असं होतं. दुकानदाराने लॅपटॉप चालू दाखवायला विंडोज टाकलेली होती, आणि विंडोज मशीनमधल्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते. लिनक्स धरून चालतं की मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ आहे, आणि तिच्यात साडेपाच तास मिळवून दाखवतं. नेट मिळालं की लिनक्स बरोबर वेळ आणतं आणि थोड्याच वेळात मशीनच्या घड्याळातही ती लिहून ठेवतं, म्हणून ऑफिसात वायफायला लागलेल्या लॅपटॉपवर हे कधी दिसलंच नाही. हे तीन इमेज टाकल्यापासून एकदाही नेटला लागले नव्हते. साडेसहाला त्यांच्या दृष्टीने बारा वाजले होते. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे आमच्यापैकी कोणी बघितलं नाही कारण ब्राउझर पूर्ण स्क्रीनवर होता.

आता हा दोष मशीन लावण्यातला, म्हणजे माझा. प्रत्येक लॅपटॉप बाहेर पडण्याआधी टाइमडेटसीटीएल ही आज्ञा चालवून तीन ओळी बघायच्या, स्थानिक वेळ, जागतिक वेळ आणि आरटीसी, म्हणजे मशीनमधलं घड्याळ, आणि आरटीसीची ओळ जागतिक वेळेशी जुळली पाहिजे, असा नियम त्या दिवसापासून केला. पण मी डेव्हलपरला हेही कळवलं की अ‍ॅपने एवढी मोठी गोष्ट गुपचूप घड्याळावर सोडू नये. दुधाची पाळी चुकली की दहा दिवसांचं बिल चुकतं आणि ते बिल कुणाच्या तरी घरखर्चाचं असतं. त्याने ऐकलं, आता संकलन सुरू करताना तारीख, वेळ आणि पाळी मोठ्या अक्षरात समोर येते आणि सचिवांनी हो म्हटल्याशिवाय पुढे जात नाही.

परत आलो तोवर सिंकच्या बगने वेगळंच वळण घेतलं होतं. आमच्यातल्या एकीने नवीन यूएसबी वायफाय डोंगल आणून ०३ ला लावला होता, आणि ०३ एकदम नीट! दोन दिवस एकदाही तुटलं नाही. सगळ्यांनी ठरवून टाकलं की आतलं वायफाय कार्डच हलकं आहे, सातही लॅपटॉपला डोंगल घ्यायचे. शिवाय ०८, तो वेगळ्या मॉडेलचा, पहिल्यापासून कधीच तुटला नव्हता, म्हणजे कार्डाचाच प्रश्न, हिशोब जुळत होता. अजून एक डोंगल मागवला, ०४ ला लावला, त्याच बाजूच्या पोर्टात. आणि ०३ आणि ०४ दोन्ही तुटायला लागले.

इथे मी थांबलो. डोंगल एक असेपर्यंत नीट, दोन झाले की दोन्ही खराब. वाईट कार्ड असं वागत नाही, वाईट कार्ड एकटं असतानाही वाईटच असतं. म्हणजे दोष मशिनमध्ये नसून दोन मशिन एकत्र येण्यात होता. मग ती रजेची दुपार आठवली, मी जाऊन बसलो की का चालायचं तेही आठवलं, मी बसायचो तेव्हा बाकीची पोरं आपलं मशीन बंद करून माझ्याभोवती उभी राहायची.

डोंगल काढून टाकले आणि ०३ आणि ०४ शेजारी-शेजारी ठेवून दोन्हीवर राउटरने दिलेला पत्ता, म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस काढला. ०३ वर १९२.१६८.१.११४. ०४ वर १९२.१६८.१.११४. एकच. ०१ चालू केला, त्याचाही तोच. राउटरच्या पानावर जोडलेल्या मशिनांची यादी उघडली तर आमच्या लॅपटॉपची एकच नोंद होती, आणि पान ताजं केलं की तिचं नाव बदलायचं, आधी डेअरी-०३, मग डेअरी-०१, मग डेअरी-०४. हे पान मी आधी चार वेळा उघडलेलं होतं. पण दर वेळी मी ज्या मशिनचा बग बघत होतो त्याचं नाव शोधायचो, ते दिसायचं, समाधान व्हायचं आणि पान बंद करायचो.

कारण असं. सिस्टिम-डीवर (मशीन चालू होताना सगळ्या सर्व्हिस उठवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या प्रोग्रामवर) चालणाऱ्या प्रत्येक लिनक्स मशिनमध्ये एटीसी फोल्डरखाली मशीन-आयडी नावाची फाइल असते, तिच्यात बत्तीस अक्षरांची एक ओळ, इन्स्टॉल करताना एकदाच तयार होणारी, त्या मशिनची ओळख. आम्ही इमेज काढली तेव्हा ही ओळही इमेजमध्ये गेली आणि आठही लॅपटॉपवर तीच उतरली. नाव बदललं म्हणजे मशीन वेगळं झालं असं आम्ही धरलं होतं, पण नाव ही फक्त पाटी. उबंटूच्या सर्व्हर आवृत्तीत नेटवर्क सांभाळायला सिस्टिम-डीचाच भाग असतो, नेटवर्क-डी, आणि तो राउटरकडे पत्ता मागताना कार्डाचा कारखान्यातूनच आलेला नंबर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस ओळख म्हणून देत नाही, तर मशीन-आयडीवरून काढलेला नंबर आणि कार्ड मशिनमध्ये कुठल्या जागी बसलंय त्यावरून काढलेला नंबर, असे दोन जोडून देतो. आमचे सात लॅपटॉप एकाच मॉडेलचे, कार्डाची जागा तीच, मशीन-आयडी तीच, त्यामुळे राउटरला ते सात नव्हतेच, एकच लॅपटॉप पुन्हा पुन्हा येतोय असं त्याला दिसायचं आणि तो विश्वासाने तोच पत्ता द्यायचा. दोघांकडे एकच पत्ता, मग येणारं उत्तर कधी ह्याच्याकडे, कधी त्याच्याकडे. ०८ वाचला कारण त्याच्या कार्डाची जागा वेगळी. पहिला डोंगल चालला कारण यूएसबी पोर्टाची जागा वेगळी, दुसरा डोंगल त्याच पोर्टात लावला आणि जागा परत एक झाली. आम्ही जे जे बघितलं होतं त्यातलं एकही खोटं नव्हतं, सगळं या एका ओळीवर येऊन जुळलं. नेहमीच्या डेस्कटॉप आवृत्तीत नेटवर्क मॅनेजर असतो आणि तो सहसा मॅक अ‍ॅड्रेसच पुढे करतो, म्हणून तिथे इमेज चढवणाऱ्यांना हे दुखणं लगेच दिसत नाही.

उपाय दोन होते. नेटप्लॅनच्या, म्हणजे उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या, फाइलमध्ये एक ओळ टाकून ओळख म्हणून मॅक अ‍ॅड्रेस वापर असं सांगता येतं, पाच मिनिटांचं काम. दुसरा, मशीन-आयडीच नवी करायची. मी दुसरा घेतला, कारण पहिल्याने फक्त पत्त्याचं भांडण मिटतं, आठ मशिनची एक ओळख तशीच राहते, आणि ती अजून कुठे वापरली जातेय हे आपल्याला ठाऊक नसतं. हा निर्णय किती उपयोगी पडला ते पुढे येतंच.

ते करतानाही एकदा फसलो. ०१ वरची फाइल उडवली, नवी आयडी बनवायची आज्ञा दिली, आणि जुनीच ओळ परत आली. कारण डी-बसची, म्हणजे प्रोग्रामांना एकमेकांशी बोलू देणाऱ्या सर्व्हिसची, स्वतःची मशीन-आयडीची एक फाइल वार फोल्डरखाली असते, बहुतेक ठिकाणी ती मूळ फाइलकडे बोट दाखवणारा दुवा असतो पण आमच्या इमेजमध्ये ती वेगळी खरी फाइल होती, आणि नवी आयडी बनवणारी आज्ञा आधी तिथे बघते, मिळाली तर तीच उचलते. ती फाइल काढून तिथे दुवा केला, परत आज्ञा दिली, मशीन बंद-चालू केलं, आणि नवी ओळ मिळाली. राउटरही एकदा बंद-चालू केला. मग मूळ इमेजच सुधारली, इमेज काढण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करायची, म्हणजे पहिल्यांदा चालू होताना प्रत्येक लॅपटॉप आपली आयडी आपणच बनवतो. एसएसएचच्या, म्हणजे दुसऱ्या मशिनवरून सुरक्षितपणे आत शिरायच्या सोयीच्या, किल्ल्याही आठही मशिनवर एकच होत्या, त्याही इमेजमधून काढल्या आणि प्रत्येकावर नव्या केल्या. त्या दिवशी संध्याकाळी आठही लॅपटॉप एकदम लावले, आठ वेगळे पत्ते, आठ वेगळ्या नोंदी, आणि तीन तास सिंक एकदाही तुटलं नाही.

डेव्हलपरला फोन केला. तो म्हणाला, "म्हणजे मी म्हटलेलं बरोबरच होतं ना, मशीनचाच घोळ." वरवर बघता खरं होतं. पण पहिल्या आठवड्यापासूनचा एक बग माझ्या डोक्यात होता जो आम्हीच आमच्या हाताने बंद केला होता. सर्व्हरवर एका केंद्राच्या नोंदी दुसऱ्या केंद्राच्या नावावर दिसायच्या. प्रत्येक लॅपटॉपला आम्ही वेगळा केंद्र-क्रमांक देऊन नोंदवलं होतं, आणि पोरांनी टेस्टचा डेटा भरताना क्रमांक चुकवला असेल असं समजून तो सोडून दिला होता. एका टेस्टर पोरीने तेव्हाच सांगितलं होतं, "सर, मी नाही चुकले, मी दोनदा बघून टाकलंय." तिचं मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

मी डेव्हलपरला विचारलं, सर्व्हर कुठला लॅपटॉप कुठल्या केंद्राचा ते कशावरून ओळखतो. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मशीन-आयडीवरून. मागची सर्व्हिस ती फाइल वाचून पाठवते." म्हणजे आठही लॅपटॉप सर्व्हरला एकच होते आणि ज्याची नोंदणी शेवटची झाली त्या केंद्राच्या नावावर सगळ्यांचं दूध चढत होतं. ०८ सुद्धा त्यात होता. नेटवर्कच्या बाबतीत नीट वागणारा म्हणून ज्याला आम्ही प्रमाण मानत होतो त्याच्याही नोंदी ०२ च्या केंद्रावर चढलेल्या निघाल्या. मॅक अ‍ॅड्रेसची ती एक ओळ टाकून मोकळे झालो असतो तर सिंक सुधारलं असतं आणि हे तसंच राहिलं असतं, उलट आता बिनबोभाट, वेगाने चुकीच्या केंद्रावर गेलं असतं.

त्याचं म्हणणं आलं की आता आयडी वेगळ्या झाल्यात ना, मग बग राहिला कुठे. इथे मी अडून बसलो. संस्थांना जे लॅपटॉप जाणार आहेत ते कोण तयार करणार? कुठलातरी व्हेंडर, आणि तोही एक मशीन बनवून इमेजच काढणार, आमच्यासारखीच, कारण पन्नास लॅपटॉपवर हाताने कोणी इन्स्टॉल करत बसत नाही. आमच्या टेबलावर जे झालं ते तिथे होणारच, फक्त तिथे टेस्टचा डेटा नसेल, एका गावाचं दूध दुसऱ्या गावाच्या खात्यावर जाईल. बग परत उघडला, आणि यावेळी त्यात मशिन किती चालू होती, कुठल्या मॉडेलची, आयडी काय, सगळं लिहिलं. दोन दिवसांनी त्याने बदल केला. आता केंद्राची नोंदणी होताना अ‍ॅप स्वतःची ओळख बनवतं आणि ती त्या केंद्राच्या क्रमांकाशी सर्व्हरवर बांधली जाते, आणि एकाच ओळखीने दोन ठिकाणांहून नोंदी आल्या तर सर्व्हर त्या मिसळत नाही, बाजूला ठेवून कळवतो.

हे तपासायला ०३ आणि ०४ वर आम्ही मुद्दाम जुनीच इमेज परत टाकली, तीच एक आयडी दोघांवर. नवीन आवृत्ती आली की पहिली चाचणी त्या दोघांवर होते, त्यासाठी दोघांना वेगवेगळ्या राउटरला लावतो म्हणजे पत्त्याचं भांडण मध्ये येत नाही. त्यांच्या झाकणावरच्या चिकटपट्टीवर आकड्याच्या खाली आता लिहिलंय, 'जुळे, आयडी बदलू नये'.